आतून कडी, हाकेला ओ नाही : बंद घरातल्या माणसापर्यंत मदत कशी पोहोचते?

नळाला पाणी येऊन गेलं, पण म्हातारीचा हंडा रिकामाच. अंगण झाडलेलं नाही. दार आतून बंद. शेजारीण दोन हाका मारते, कडी वाजवते. आतून ओ नाही. मोबाइल लावला तर आत रिंग वाजलेली ऐकू येते, पण उचलत कोणी नाही. मुलगा-सून मुंबईला, लेक सासरी. बघता बघता दारापुढे दहा-पंधरा माणसं जमतात आणि एकाच प्रश्नावर चर्चा सुरू होते. दार तोडायचं का? आणि तोडायचं तर कोणी?

पाटण-जावळीच्या डोंगरातल्या वाड्या असोत की माण-खटावच्या वस्त्या, ही वेळ कुठल्याही गावावर येऊ शकते. डोंगरी भागातली माणसं नोकरीधंद्याला मुंबईत आहेत, तर माण-खटावकडची पोरं गलाईच्या व्यवसायात देशभर पसरली आहेत. गावातल्या बऱ्याच घरांत आता एक किंवा दोन म्हातारी माणसं राहतात आणि रात्री आतून कडी लावून झोपतात.

खरं तर दार उघडायला फार वेळ लागत नाही. साधं कडी-कोयंड्याचं दार पहारीने काही मिनिटांत निघतं. वेळ जातो तो ‘तोडू की नको’ या घोळात, ‘उद्या आपल्यावरच आलं तर’ या भीतीत आणि किल्ली कोणाकडे आहे याच्या शोधात. हा वेळ वाचवायचा असेल तर मदत कशी येते, कायदा काय म्हणतो आणि दार कसं उघडलं जातं, हे गावातल्या चार माणसांना तरी माहीत असायला हवं.

अर्ध्या तासाने काय फरक पडतो?

‘रात्रीपासून पडली असेल, आता अर्ध्या तासाने काय होतंय’ असं कोणी ना कोणी म्हणतंच. पण फरक पडतो.

हृदय बंद पडलं आणि छाती दाबायला कोणी नसलं, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी होते. लकवा मेंदूतल्या रक्ताच्या गाठीमुळे मारला असेल, तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यात वाडीवरून सातारा किंवा कऱ्हाड गाठायचा वेळ आणि तिथल्या तपासणीचा वेळही धरावा लागतो. खुब्याचं हाड मोडून माणूस फरशीवर तासन् तास एकाच कुशीवर पडला, तर दबलेले स्नायू खराब होतात आणि त्यातून मूत्रपिंडावर परिणाम होतो. म्हणजे पडल्याने जो जीव जाणार नव्हता, तो पडून राहिल्याने जाऊ शकतो.

म्हणून आपत्कालीन सेवेतली माणसं एक साधा नियम पाळतात. शंका असेल तर आतला माणूस जिवंत आहे असंच धरायचं.

पहिल्या पाच मिनिटांत काय करावं

आधी दाराकडे नीट बघावं. कुलूप बाहेरून आहे की कडी आतून? बाहेरून कुलूप असेल तर माणूस शेतावर, दवाखान्यात किंवा लेकीकडे गेलेला असू शकतो. तरी दोन फोन करून खात्री करावी. मात्र काही घरांत आजारी किंवा विसराळू झालेल्या माणसाला आत ठेवून, बाहेरून कुलूप लावून घरचे शेतावर जातात. अशा घरातून हाक, कण्हणं किंवा धूर आला तर बाहेरचं कुलूप बघून परत फिरायचं नाही.

आतून कडी असेल तर घराला एक फेरी मारावी. परसदार, न्हाणीचं दार, गोठ्यातून आत जायची वाट, माडीची खिडकी, सगळं हाताने ढकलून बघावं. पुढचं दार घट्ट आणि मागचं नुसतं लोटलेलं, असं गावाकडे पुष्कळदा असतं. खिडकीतून टॉर्च मारून बघावं. माणूस दिसतो का, हालचाल आहे का, कुठल्या खोलीत आहे? फोनची रिंग कुठून येते तेही ऐकावं. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे वास घ्यावा. गॅसचा, जळक्याचा, औषधाचा. वास आला तर पुढचं सगळं बदलतं. ते खाली सविस्तर दिलं आहे.

हे चालू असतानाच एकाने फोन लावायचा. सगळ्यांनी मिळून दाराशी उभं राहण्यात काही अर्थ नाही.

११२ ला फोन लावला की पुढे काय होतं

११२ हा आता सगळ्यांसाठी एकच नंबर आहे. पोलिस, अग्निशमन, रुग्णवाहिका काहीही लागलं तरी चालतो. फोन आपल्या ठाण्यात न जाता राज्याच्या नियंत्रण केंद्रात जातो. तिथून माहिती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला आणि जवळच्या पोलिस गाडीतल्या स्क्रीनवर येते. फोन घेणाऱ्याला आपली वाडी माहीत नसते, हे लक्षात ठेवून बोलावं. ‘आमच्या गावात या’ म्हणून भागत नाही.

सांगायचं ते असं. तालुका, गाव, वाडी किंवा वस्तीचं नाव, मोठ्या रस्त्यापासूनची खूण (मंदिर, शाळा, पाण्याची टाकी), आतला माणूस कोण, वय किती, शेवटचं कधी दिसला, आवाज येतो का, गॅसचा किंवा धुराचा वास आहे का, दार लाकडी की लोखंडी. फोन केलेला नंबर चालू ठेवावा, कारण गाडी वाटेत असताना त्याच नंबरवर उलट फोन येतो. एका माणसाला मोटारसायकल घेऊन फाट्यावर उभं करावं. वाडीवर यायचा रस्ता शोधण्यात गाडीची दहा मिनिटं सहज जातात.

रुग्णवाहिकेसाठी १०८ लावावा. ही सेवा राज्यात २०१४ पासून सुरू आहे. पण एक गोष्ट समजून घ्यायला हवी. १०८ वर येणारे डॉक्टर आणि पायलट दार तोडायची हत्यारं घेऊन येत नाहीत, ते त्यांचं कामही नाही. दार उघडून मिळालं नाही तर ते बाहेर थांबून राहतात. म्हणून नुसती १०८ बोलावून वाट बघणं हा अर्धाच उपाय आहे. १०८ आणि ११२ दोन्हींना एकाच वेळी कळवावं.

अग्निशमनाचा बंब नगरपालिकेच्या गावात असतो. काही साखर कारखान्यांकडेही स्वतःचा बंब असतो. डोंगरातल्या वाडीवर तो पोहोचायला घाटरस्त्याने बराच वेळ लागतो. गावात पहिले पोहोचणारे म्हणजे शेजारी, पोलिस पाटील आणि बीटचे पोलिस. त्यामुळे दार बहुतेक वेळा यांच्याच हातून उघडतं.

तोडलं तर गुन्हा होतो का?

जमलेल्या माणसांचे हात अडतात ते इथेच. दुसऱ्याच्या घराचं दार तोडलं, आत माणूस मेलेला निघाला, तर आपण केसमध्ये अडकू, ही भीती असते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत याबद्दल दोन कलमं आहेत. कलम १९ सांगतं की मोठं नुकसान टाळण्यासाठी, गुन्ह्याचा हेतू नसताना, प्रामाणिकपणे केलेलं कृत्य गुन्हा ठरत नाही. त्याखाली दिलेलं उदाहरण आगीचं आहे. मोठी आग पसरू नये म्हणून कोणी मधली घरं पाडली, आणि त्यामागे माणसं किंवा मालमत्ता वाचवण्याचा खरा हेतू असला, तर तो गुन्हेगार नाही. कलम ३० सांगतं की ज्याची संमती घेणं शक्यच नाही, अशा माणसाच्या भल्यासाठी प्रामाणिकपणे केलेलं काम गुन्हा नाही. यातलंही एक उदाहरण बोलकं आहे. घराला आग लागली आहे, खाली लोक घोंगडी धरून उभे आहेत आणि वरचा माणूस मुलाला वाचवण्यासाठी खाली टाकतो. दुर्दैवाने मूल दगावलं तरी तो दोषी नाही. ही कलमं नवी नाहीत. जुन्या दंड संहितेत ती ८१ आणि ९२ म्हणून होतीच.

बेशुद्ध माणूस आतून ‘तोडा दार’ असं सांगू शकत नाही. तिथे कायदा आपला हेतू आणि परिस्थिती बघतो. त्यासाठी तीन गोष्टी सांभाळायच्या. कारण खरं असावं, म्हणजे हाक मारून, फोन करून, आत बघून खात्री केलेली असावी. एकट्याने न करता चार माणसांसमोर करावं. आणि गरजेपुरतंच तोडावं. ११२ वर आधी फोन झालेला असेल तर त्याची वेळेसकट नोंद राहते. तीच पुढे सगळ्यात मोठी साक्ष ठरते.

मुलगा किंवा लेक फोनवर मिळाली तर व्हिडिओ कॉल लावून दार दाखवावं आणि ‘उघडतोय’ म्हणून सांगावं. पण ती फोनवर मिळेपर्यंत थांबायची गरज नाही.

पोलिस पाटलांना मात्र लगेच बोलवावं. ग्राम पोलिस अधिनियम १९६७ प्रमाणे गावातल्या संशयास्पद किंवा अकस्मात मृत्यूची खबर ठाण्याला देणं ही त्यांची जबाबदारी आहे. शिवाय गावात त्यांच्या शब्दाला वजन असतं, गर्दी आवरायला तेच कामी येतात.

दाराआड भांडण चालू आहे, कोणी कोणाला कोंडून ठेवलं आहे किंवा आतल्या माणसाच्या हातात हत्यार आहे, असं असेल तर गावकऱ्यांनी दाराला हात लावू नये. ते काम पोलिसांचंच.

दार उघडतात कसं?

जाणकार माणूस आल्या आल्या लाथ मारत नाही. आधी दार न तोडता उघडतं का बघतो, मग सगळ्यात कमी नुकसानीची जागा शोधतो आणि आतला माणूस कुठे आहे त्याच्या उलट्या बाजूने काम करतो.

कडी-कोयंडा : बाहेरून कुलूप असेल तर कुलपावर दगड घालत बसण्यापेक्षा कोयंडा उचकटणं सोपं. दणकट कुलूपही शेवटी कोयंड्याच्या दोन-चार स्क्रूंवरच असतं. आतून कडी असेल तर कडीच्या उंचीवर दार आणि चौकट यांच्या फटीत कटावणी घालून जोर देतात.

अडसराचं दार : जुन्या वाड्याचं, भिंतीत सरकणाऱ्या आडव्या लाकडाचं दार ढकलून निघत नाही. तिथे खांदे दुखवून घेऊ नयेत. अशा घरात वरून जाणं बरं. कौलं दोघांनी मिळून काढावीत, पाय कौलावर न देता भिंतीच्या डोक्यावर किंवा वाशावर द्यावा. पत्रा असेल तर नट काढून एक पत्रा सरकवतात. खाली माणूस झोपलेला नाही ना, हे आधी टॉर्चने बघावं.

नवा बंगला : गंमत अशी की जुन्या घरापेक्षा मुलाने मुंबईच्या पैशातून बांधलेलं आरसीसी घर उघडायला जास्त अवघड असतं. पुढे लोखंडी दार, त्याच्या आत सागवानी दार, प्रत्येक खिडकीला ग्रील, व्हरांड्याला चॅनेल गेट. चोर येऊ नये म्हणून केलेली तटबंदी मदतीलाही अडवते. इथे पहार चालत नाही, ग्राइंडर लागतो. मोठ्या शहरांच्या अग्निशमन दलाकडे हायड्रॉलिक कटर आणि दार फाकवायचं यंत्र असतं. गावात मात्र अशा वेळी वेल्डिंगवाला आणि सुतार हीच आपली रेस्क्यू टीम. दोघांचे नंबर पोलिस पाटील, सरपंच आणि आशा सेविका यांच्याकडे असावेत.

न्हाणीघर आणि संडास : म्हातारी माणसं पडतात ती बहुधा इथेच. जागा अरुंद, दार आत उघडणारं आणि पडलेला माणूस नेमका दाराला लागून. अशा दाराला लाथ मारली तर दार त्याच्या डोक्यावरच बसतं. फायबरचं किंवा पीव्हीसीचं दार असेल तर त्याचा वरचा पत्रा काढतात किंवा कापतात. लाकडी असेल तर हळूहळू फट वाढवतात. वरचा झरोका मोठा असेल तर बारीक अंगाचा माणूस तिथून उतरवतात.

आत लहान मूल : दोन-तीन वर्षांचं पोर खेळता खेळता आतून बोल्ट लावतं आणि मग त्याला तो काढता येत नाही. इथे मुलाला इजा झालेली नसेल आणि गॅस बंद असेल तर घाई नको. आई किंवा आजीने खिडकीतून शांतपणे बोलत राहावं, मुलाला दारापासून लांब बोलवावं. आरडाओरडा झाला की मूल घाबरून दाराला चिकटतं. खिडकीतून काठी घालून बोल्ट सरकतो का ते बघावं. पण गॅसवर दूध किंवा डाळ असेल तर वेळ घालवू नये.

भूकंप किंवा भिंत खचणे : ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची पहाट या जिल्ह्यातली जुनी माणसं विसरलेली नाहीत. भिंत कलली की चौकट तिरकी होते आणि कडी काढूनही दार हलत नाही. पावसाने भिजलेल्या मातीच्या भिंतीचंही तसंच. इथे मोठा धोका म्हणजे तीच चौकट वरचा भार पेलत असू शकते. ती ओढली तर सगळं खाली येतं. अशा घरात आधी टेकू द्यायचा, मग वाट करायची. जाणकार माणूस येईपर्यंत आतल्याशी बोलत राहावं.

इथे घाई केली तर दुसरा जीव जातो

गॅसचा वास : बेल वाजवू नये, लाइटचं बटण चालू किंवा बंद करू नये, दाराशी मोबाइल वापरू नये, ग्राइंडर तर अजिबात नको. एक ठिणगी पुरते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो. फोन लांब जाऊन करावा. आधी बाहेरून खिडक्या उघडाव्यात, हवा खेळू द्यावी. सिलिंडर बाहेर असेल तर रेग्युलेटर बंद करावा. गॅस गळतीसाठी १९०६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

शेगडी आणि गॅस गिझर : थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलं किंवा हवा न खेळणाऱ्या न्हाणीत गॅस गिझर चालू राहिला, तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. वाचवायला गेलेला माणूसही तिथेच कोसळू शकतो. दार उघडलं की आधी खिडक्या उघडाव्यात, श्वास रोखून आत जावं आणि माणसाला लगेच उघड्यावर आणावं.

धान्याच्या गोळ्या : पोत्यांत कीड लागू नये म्हणून ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतल्या ओलाव्याने फॉस्फिन वायू सोडतात. त्या खोलीत किंवा शेजारच्या बंद खोलीत झोपणं जिवावर बेतू शकतं. लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास आला तर ही शंका धरावी. दारं-खिडक्या उघडून लांब व्हावं. या विषावर उतारा नाही. म्हणून कुठल्या गोळ्या वापरल्या ते १०८ च्या डॉक्टरांना पहिल्यांदा सांगावं.

करंट : न्हाणीत बादलीत हीटरचा रॉड आणि शेजारी पडलेला माणूस दिसला, तर त्याला हात लावायच्या आधी मीटरजवळचा मेन स्विच बंद करावा. तो सापडत नसेल तर वायरमनला किंवा १९१२ वर कळवावं. माणसाला कोरड्या लाकडानेच बाजूला करावं.

धूर : दार उघडायच्या आधी हाताची पालथी बाजू दाराला वरपासून लावून बघावी. दार तापलेलं असेल तर उघडू नये. बंद खोलीतल्या आगीला अचानक हवा मिळाली की ज्वाळा दारातून बाहेर झेपावते. काचाही उगाच फोडू नयेत.

आत गेल्यावर : आधी जीव, मग पंचनामा

दार उघडलं की सगळा गाव आत घुसतो. ते होऊ देऊ नये. आत दोघं किंवा तिघं जावेत, आतला माणूस बाई असेल तर एक बाई सोबत असावी. हाक मारून, खांद्याला हलवून बघावं. श्वास नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करावी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, डॉक्टर येईपर्यंत. श्वास आहे पण शुद्ध नाही, तर कुशीवर वळवावं. मात्र पडल्याने मान-पाठीला मार लागला असेल तर हलवू नये. तोंडात पाणी घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये.

पिकावरचं औषध घेतल्याची शंका असेल तर बाटली किंवा पुडी सोबत द्यावी. ओकारी काढायचा प्रयत्न करू नये. कपड्याला औषध लागलेलं असेल तर उघड्या हाताने धरू नये.

‘पोलिस येईपर्यंत हात लावायचा नाही’ हे गावात पक्कं बसलेलं आहे. मृत्यू झाल्याची पूर्ण खात्री असेल तर ते बरोबर आहे. अशा वेळी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे पोलिस अकस्मात मृत्यूची नोंद करतात आणि आसपासच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमोर पंचनामा होतो. पण जीव असण्याची थोडीशीही शक्यता असेल तर पंचनाम्याची वाट बघायची नसते. ‘आम्ही त्याला खाली घेतलं, छाती दाबली, दवाखान्यात नेलं’ असं जबाबात सांगितल्याने कोणी अडकत नाही.

माणूस दवाखान्यात गेला, घराचं काय?

वाद होतात ते इथे. माणूस वाचतो, चार दिवसांनी मुलगा येतो आणि कपाटातले पैसे कुठे, कानातलं कुठे, असं विचारतो. ज्यांनी धावपळ केली त्यांचीच मान खाली जाते. पुढच्या वेळी ती माणसं पुढे येत नाहीत.

म्हणून दार तोडायच्या आधी दाराचा एक फोटो, उघडल्यावर खोलीचा एक व्हिडिओ. अंगावरचे दागिने, पैसे, मोबाइल दवाखान्यात जाताना काढले तर दोघा-तिघांसमोर कागदावर लिहून, सह्या घेऊन पोलिस पाटलांकडे किंवा पोलिसांकडे द्यावेत. पोलिस आले असतील तर त्यांच्या पंचनाम्यात दार कोणी, कधी, कशासाठी उघडलं ते लिहायला सांगावं. घरात कोणी राहिलं नाही तर गॅस, लाइट बंद करून नवं कुलूप लावावं, किल्ली कोणाकडे आहे ते मुलाला फोनवर सांगावं. गोठ्यात जनावर असेल तर त्याचं वैरण-पाणी कोण बघणार तेही त्याच वेळी ठरवावं. मोडलेला कोयंडा बसवायला सुताराला फार वेळ लागत नाही.

आजच करून ठेवायच्या गोष्टी

दार तोडायची वेळच येऊ नये, यासाठी फार खर्च नाही.

– एक जादा किल्ली शेजारी, भावकीत किंवा ज्याच्यावर भरवसा आहे त्याच्याकडे ठेवावी. कोणाकडे आहे ते मुलांना माहीत असावं. उंबऱ्याखाली किंवा कुंडीत नको, ती जागा चोरालाही ठाऊक असते.

– एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या दाराला आतून तीन-तीन कड्या नकोत. बाहेरून किल्लीने उघडणारं एकच चांगलं लॅच पुरतं. किल्ली असूनही आतून अडसर लावलेला असेल तर तिचा उपयोग नाही.

– न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं करून घ्यावं किंवा आतली कडी काढून टाकावी. ओल्या फरशीवर खरबरीत पट्टी आणि भिंतीला धरायला एक दांडा बसवावा.

– सगळ्या खिडक्यांना ग्रील असेल तर एका ग्रीलला उघडणारी चौकट करून घ्यावी. तिची किल्ली आत ठरलेल्या जागी असावी.

– लहान मूल असेल तर खालचे बोल्ट काढून टाकावेत.

– दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात मुलाचा नंबर, चालू औषधं आणि साखर-बीपी-दमा काय आहे ते लिहून चिकटवावं.

– रोजची एक खूण ठरवावी. सकाळी आठपर्यंत पुढचं दार उघडं दिसलं पाहिजे, नाहीतर शेजारच्याने हाक मारायची. बाहेरगावच्या मुलांनी रोज एका ठरलेल्या वेळी फोन करावा आणि उचलला नाही तर शेजारच्याला सांगावं. त्यासाठी शेजारच्याचा नंबर मुलांकडे असावा. बऱ्याच मुलांकडे तो नसतो.

ग्रामपंचायतीलाही यात करण्यासारखं आहे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी आशा सेविका आणि पोलिस पाटलांकडे असावी. एक पहार, कटावणी, टॉर्च, शिडी आणि दोर कार्यालयात एकत्र ठेवावा, आणि कार्यालयाची किल्ली रात्री कोणाकडे असते ते गावाला माहीत असावं. नाहीतर पहार काढायला आधी ग्रामपंचायतीचंच कुलूप तोडावं लागायचं.

हे नंबर भिंतीवर लिहून ठेवा

११२ – पोलिस, अग्निशमन, कोणतीही आपत्कालीन मदत
१०८ – रुग्णवाहिका
१०१ – अग्निशमन
१९०६ – गॅस गळती
१९१२ – वीज
१४५६७ – ज्येष्ठ नागरिकांसाठी एल्डर लाइन
१४४१६ – टेली-मानस, मन खचलं असेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर बोलण्यासाठी, चोवीस तास

मोडलेलं दार सुतार दुपारपर्यंत बसवून देतो. उशीर झाला म्हणून गेलेलं माणूस कोणी परत आणत नाही. आज संध्याकाळी घरी फोन कराल तेव्हा तब्येतीबरोबर एवढंही विचारा, ‘आई, घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे?’